वाय

डिचोलीत, मामलेदार कचेरीसमोरच्या गाळ्यात
मी नोटरीचे कागद टाइप करते. एकवीस वर्षं.
माझा निम्मा पगार अक्षरांच्या चुकांवर चालतो.
'अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे'
हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतील.

म्हणून गौरीशला मुलगी झाली तेव्हा
सगळे माझ्याकडे वळले.
आत्या मी, नाव माझ्याच तोंडून जायचं,
आणि स्पेलिंगही म्हणे तूच बघ.

नावावर वाद नव्हता. सई.
एवढंसं, पातोळीच्या पहिल्या घासासारखं,
तोंडात घेईपर्यंत संपलेलं.
वाद इंग्रजीतला.
एस-ए-आय लिहिलं तर साई. आई म्हणाली,
शाळेत पहिल्याच दिवशी मुलग्यांच्या रांगेत उभी करतील.
एस-ए-ई-ई म्हटलं, तर गौरीश जहाजावरून,
तुटत तुटत: 'कप्तान... तिला... सी म्हणेल गो.'
दीपश्रीला मधे वाय हवा.
का, ते सांगेना. हवा, एवढंच.
म्हापशाचा कोणी अंकवाला म्हणाला, शेवटी आणखी एक ई घाला,
बेरीज एक येते, आणि एक म्हणजे सूर्य.
बाबा पेपरातून डोकं न काढता:
'सायली ठेवा. सुंठीवाचून खोकला गेला.'

बारा दिवस घरभर चिठ्ठ्या.
फ्रीजवर, विजेच्या बिलामागे,
एक तर डाळीच्या डब्यात सापडली.
आणि ती, अजून कुठल्याच नावाची नसलेली,
मुठी चोखत, मजेत.

मला सारखी शेवंतीबाय दिसायची.
पाहिली नव्हती मी तिला. तिचे नातू आले होते फक्त,
कुळागराच्या वाटणीसाठी, पिशवीत कागद घेऊन.
पोर्तुगीज कागदात ती एक्सनं सुरू होते,
श ला ते एक्स लिहीत.
एक-चौदाच्या उताऱ्यावर एस-एच.
मृत्यूच्या दाखल्यावर मधला व गळालेला: शेंती.
तीन बायका. माडी एकशे चाळीस,
पाणी एकाच पाटाचं.
मी टाइप केलं, ह्या तिघी एकच.
सही करताना थोरला नातू म्हणाला,
'आमी तिका माय म्हण्टाले.
नांव मागीर कळ्ळें.'

बारशाला मी पाळण्यावर वाकले,
कानाशी कुर्र केलं, सई म्हटलं.
तिनं जांभई दिली.
दोडामार्गच्या मावशीला कमी ऐकू येतं.
'सय?' ती म्हणाली. 'कुणाची सय आली गो?'
बायका हसल्या.
दीपश्री हसली नाही. हळदीच्या बोटांनी
पाळण्याची दोरी धरून उभी राहिली,
मग आत गेली.
तिची आई मार्चमध्ये गेली.
मला तेव्हा कळलं, इतक्या उशिरा.
कागद वाचण्यात हुशार आहे मी, माणसं नाही.

बुधवारी बाजारातून वाट काढत पालिकेत गेले.
खिडकीतल्या पोरानं विचारलं, स्पेलिंग?
मी म्हटलं, लिही.
एस, ए, वाय, ई, ई.
वायवर त्याची बोटं जरा थांबली,
की मलाच तसं वाटलं.
मग त्यानं कागद पुढे सारला,
खालच्या रेघेवर बोट ठेवलं: 'आतां सय.'
'व्हय,' मी म्हटलं, 'सईच. केलं ना नाव.'
'न्हय बाये. तुजी सय. हांगा.'

केली.
उज्वला, एका जे ची, दहावीच्या दाखल्यावर आहे तशी.
पॅनकार्डावर दोन जे आहेत.
आम्ही दोघी एकच.
अजून कोणी प्रतिज्ञापत्र मागितलेलं नाही.